जुनं छोटं विमान घ्यायचंय? आधी तारखा वाचा

शिकाऊ परवाना मिळाला की स्वतःचीच जुनी सेसना १५० नाहीतर १५२ घ्यावी आणि तिच्यावरच तास भरावेत, असं वाटू लागतं. घ्या की. फक्त रंग, सीटकव्हरं आणि नवा रेडिओ यांत वेळ घालवू नका. ते विकणारा आपणहून दाखवतो.

लॉगबुकं, म्हणजे देखभालीच्या नोंदवह्या मागा. एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन, प्रॉपेलर, तिन्हींची, पहिल्या पानापासून. आणि त्यातल्या तारखा वाचा. तास नव्हे, तारखा! मागच्या खेपेला मी तासांवरच भाळलो होतो. लायकमिंग ओ-३२० (१५०-१५२ चं नव्हे, चेरोकीसारख्या विमानांतलं इंजिन) चं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, साधारण २००० तासांनी. त्यातले ६०० च झालेत म्हटल्यावर कोणीही खूश होईल. पण कंपनी १२ वर्षांचीही मर्यादा सांगते, आणि ते ६०० तास कधी उडाले हे आकड्यावरून कळत नाही. मधली चार-पाच वर्षं विमान नुसतं उभं होतं का? या इंजिनात कॅमशाफ्ट (टॅपेटमार्फत व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वर असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळतं आणि गंज धरतो. पुढे उड्डाणं सुरू झाली की कॅम आणि टॅपेट एकमेकांना खरवडतात, धातूचे कण तेलात उतरतात. कॉम्प्रेशन (सिलिंडर दाब किती धरतो ते) मात्र ८० पैकी ७६, झकास! त्या चाचणीत कॅम दिसतच नाही. म्हणून तेलाचा फिल्टर कापून बघायचा, आणि तारखांत मोठं खिंडार असेल तर एक सिलिंडर उतरवून आत डोकवायचं. मालक कुरकुरेल. कुरकुरू दे.

मेकॅनिक तुमचा हवा, त्या विमानाची नेहमी देखभाल करणारा नको. 'वार्षिक तपासणी आत्ताच झालीय' यावर भागवू नका. सक्तीचे दुरुस्ती-आदेश पाळल्याच्या नोंदी एकेक तपासा. सेसनात सीटचे रूळ झिजलेले असले तर टेकऑफच्या वेळी सीट मागे घसरते आणि वैमानिक कंट्रोल धरूनच मागे जातो. पायपर चेरोकीच्या बऱ्याच मॉडेलांत पंखाच्या स्पारमधली (पंखाच्या मुख्य तुळईतली) बोल्टची छिद्रं तपासायची असतात. नोंद नसेल तर काम झालं नाही असंच धरा. आणि हो, तारखा तिथेही.

वजन: १५२ ची कमाल ७५७ किलो. माहितीपत्रकातलं नव्हे, त्याच विमानाचं सध्याचं रिकामं वजन वजा करा; उरेल त्यात माणसं आणि इंधन. तुम्ही आणि प्रशिक्षक दोघंही धिप्पाड असाल तर टाकी पूर्ण भरता येणार नाही.

विम्याचा आकडा बयाण्याआधी घ्या. शिकाऊंना तो जास्त पडतो, आणि प्रशिक्षकही त्या विम्यात धरलेला हवा. उभं करायला जागा. विमानावर कर्जाचा बोजा नाही ना. तपासणीत खोट निघाली तर बयाणा परत, हे लेखी. चाचणी उड्डाण प्रशिक्षकाला करू द्या. टायर, बॅटरी, इंधनगळती मेकॅनिक बघेलच.