चित्रकलेसोबत दुसरी पदवी घेताय? या चुका टाळा

बारावी झाली की बीड, परभणी, हिंगोलीकडच्या कितीतरी घरांत एक तडजोड ठरते : "चित्रकला कर, पण सोबत एखादी बी.ए. असू दे. उद्या एमपीएससीला लागेल." घरच्यांची काळजी खरी आहे, पण त्यांना मिळालेली माहिती चुकीची आहे. राज्यसेवेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते आणि बी.एफ.ए. ही ललित कलेची चार वर्षांची पूर्ण पदवीच आहे. केवळ फॉर्म भरता यावा म्हणून दुसरी पदवी घेत असाल तर तो वेळ आणि फी वाया जाईल. शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर चौकशी ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) या पदविकेची करा. तिथे जादा बी.ए.चा फारसा उपयोग होत नाही.

दुसरी पदवी तिच्या विषयासाठी घ्यावी. पुढे संग्रहालयात किंवा जतनाच्या कामात जायचं असेल तर इतिहास आणि स्वतःचा स्टुडिओ टाकायचा असेल तर वाणिज्य घ्या. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती 1872 पासून मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केल्या. आज त्याच लेण्यांच्या जिल्ह्यातला मुलगा चित्रकला आणि इतिहास एकत्र शिकू शकतो. ही जोडी आपल्या भागात इतकी कमी मुलं निवडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली. दोन्ही नियमित चालतात, फक्त तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक नियमित आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन हेही चालतं. हे वाचून काही जण उलटी मांडणी करतात : गावाजवळच्या कॉलेजात नियमित बी.ए. आणि चित्रकला दूरस्थ. तसं करू नका. दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने जे विषय शिकवायला आयोगाची मनाई आहे, त्यांत दृश्यकलाही आहे. कोणी घरबसल्या चित्रकलेची पदवी देतो म्हणाला तर पैसे भरण्याआधी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचंही नाव शोधा. नियमित जागा चित्रकलेला द्या. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांतून दुसरी पदवी घ्या.

दोन्ही पदव्या नियमित करायच्या असतील तर कागदावरच्या वेळापत्रकावर विसंबू नका. कला महाविद्यालयात तास संपला म्हणून काम संपत नाही. स्थिरचित्र मांडून ठेवलेलं असतं, मॉडेल बसलेलं असतं, शिल्पाची माती ओली ठेवावी लागते आणि सबमिशनच्या आठवड्यात मुलं अंधार पडेपर्यंत वर्गातच असतात. त्यातून संध्याकाळच्या बी.ए.ला हजेरी लावायची आणि दोन्हीकडे 75 टक्क्यांचा हिशेब सांभाळायचा, हे पहिल्या सत्रात जमतं, तिसऱ्यात मोडतं. प्रवेशाआधी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा : सबमिशनच्या काळात किती वाजता घरी जाता? औसा किंवा गेवराईहून रोज एसटीने येणाऱ्याने तर दोन्हीकडे नियमित प्रवेश घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कला महाविद्यालय निवडताना फक्त इमारत आणि नाव बघितलं जातं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय, तिथलीच खासगी विद्यापीठं, मुंबईचं जे.जे., बडोद्याची ललित कला विद्याशाखा यांची तुलना करायची तर शेवटच्या वर्षाचं काम बघा. वार्षिक प्रदर्शनाला जा. छापचित्रणाचं यंत्र खरंच वापरात आहे की कापडाखाली झाकलेलं, हे पाहा. तुम्हाला हवं ते स्पेशलायझेशन, म्हणजे उपयोजित कला, पेंटिंग, शिल्प की टेक्स्टाइल, तिथे चालू आहे का आणि त्याला पूर्णवेळ शिक्षक आहेत का, हे विचारा. आणि सीईटी चुकवू नका. राज्यातल्या बी.एफ.ए. प्रवेशासाठीच्या सीईटीचे फॉर्म बहुतेक वर्षी बारावीचा निकाल लागण्याआधीच सुटतात. निकालाची वाट पाहणाऱ्यांचं वर्ष तिथेच जातं. इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेत ए ग्रेड आहे म्हणून तयारी सोडणंही तितकंच घातक. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र वेळ लावून काढायची सवय लागते.

परदेशी विद्यापीठासोबतची ड्युअल डिग्री ही योजना पूर्ण वेगळी आहे. त्यात एकाच विषयाची पदवी दोन संस्था देतात आणि किमान 30 टक्के क्रेडिट भारतीय संस्थेतून मिळवावे लागतात. चित्रकला आणि इतिहास अशी जोडी त्यात बसत नाही. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठ आणि रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन मिळून पाच वर्षांत दोन पदव्या देतात, पण त्यासाठी दोन्हीकडे स्वतंत्रपणे निवड व्हावी लागते. एजंट या सगळ्याला एकच नाव देत असेल तर योजना कोणत्या नियमाखाली आहे ते लेखी मागा.

प्रवेश झाल्यावर बहुतेकांचं घोडं कागदपत्रांपाशी अडतं. मूळ टी.सी. पहिल्या कॉलेजात जमा होते आणि दुसरीकडे तीच मागतात. म्हणून जमा करण्याआधी साक्षांकित प्रती काढून ठेवा, पहिल्या कॉलेजाचं बोनाफाइड घ्या आणि दोन पदव्या घेत असल्याचं दोन्हीकडे अर्जाद्वारे कळवून पोच घ्या. आयोगाने परवानगी दिली तरी अंमलबजावणीचे नियम प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवतं. म्हणून "चालतं हो" या तोंडी उत्तरावर थांबू नका, परिपत्रक मागा. दूरस्थ प्रवेशाला डीईबी आयडी लागतो आणि तो एबीसी आयडीवरून (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) निघतो. आधार आणि दहावीची मार्कशीट यांवरच्या नावात फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करा.

परीक्षा एकमेकांवर आल्या तर बी.एफ.ए.ची परीक्षा द्या. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. राहिलेला पेपर पुढच्या सत्रात देता येतो आणि तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. चित्रकलेतलं बुडालेलं प्रात्यक्षिक असं भरून निघत नाही. शिष्यवृत्तीचा हिशेबही एकाच अभ्यासक्रमावर धरा, तोही बी.एफ.ए.वर, कारण रंग, कागद आणि कॅनव्हासचा खर्च तिथेच आहे. दुसऱ्या पदवीची फी घरून भरता येईल एवढीच असू द्या.