डेक्साची कुपी फोडण्याआधी

दमा, ॲलर्जीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात पूर्वीपासून असलेलं डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टेरॉइड २०२० मध्ये कोविडच्या गंभीर रुग्णांना उपयोगी ठरलं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१ वरून २९ टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे २६ वरून २३ वर. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काही फायदा झाला नाही. तापाच्या रुग्णाला ‘लवकर बरं वाटावं’ म्हणून डेक्सा टोचणं म्हणूनच चुकीचं.

आधी बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरने रक्तातला ऑक्सिजन मोजा. रुग्णाला पाच मिनिटं बसवा, मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेलं बोट निवडा. कापूस वेचणीच्या थंडीत बोटं गार पडतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो, म्हणून हात चोळून ऊब आणा. मिनिटभर स्थिर राहिलेला आकडाच धरा. ९४ टक्क्यांच्या खाली असेल तर ऑक्सिजन लावा, १०८ ला फोन करा.

ऑक्सिजन लागणाऱ्या प्रौढ कोविड रुग्णाला डॉक्टरांनी दिवसातून एकदा ६ मिग्रॅ द्यावं, जास्तीत जास्त १० दिवस. मिलिलिटरला ४ मिग्रॅची कुपी असेल तर दीड मिली. गिळता येत असेल तर गोळीही चालते. गरोदर बाईला त्याऐवजी प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ. डोस वाढवू नका: साध्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांत जास्त डोसने मृत्यू वाढले.

पहिल्या डोसआधी साखर तपासा, नंतर रोज. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे बरेच रुग्ण बेताल साखर आणि स्टेरॉइड या जोडीतले होते. आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का? असेल तर स्टेरॉइडने वेदनेचा झटका उसळू शकतो, तेव्हा जिल्हा रुग्णालयाशी बोलूनच ठरवा. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पोटात स्ट्राँगिलॉइड्स जंत असू शकतो, स्टेरॉइडखाली तो अंगभर पसरतो. शंका असेल तर आधी आयव्हरमेक्टिनचा विचार करा. टीबीचंही विचारा.

फ्लूमध्ये हे सरसकट लागू नाही. तिथे विषाणूविरोधी औषध ओसेल्टामिविर, प्रौढांना ७५ मिग्रॅ दोनदा, ५ दिवस. दम्याचा झटका सोबत असेल तर स्टेरॉइड लागतंच. टोसिलिझुमॅब, बॅरिसिटिनिब मोठ्या रुग्णालयाची औषधं. कोल्चिसिनचा कोविडमध्ये उपयोग दिसला नाही.

रेफर करताना चिठ्ठीवर डोसची वेळ, साखर आणि ऑक्सिजन किती लिटर सुरू आहे ते लिहा, नाहीतर तोच डोस पुढे पुन्हा पडतो.