अडवलेली पाणंद मोकळी कशी झाली: माझा अनुभव

ऐन सोयाबीन काढणीच्या तोंडावर शेजाऱ्याने पाणंदीवर, म्हणजे शेतात जायच्या गाडीवाटेवर, तारेचं कुंपण घातलं. आजोबांच्या काळापासूनची वहिवाट! रागाने भांडायला निघालो होतो, पण चुलत्यांनी अडवलं. म्हणाले, "आधी नकाशा काढ, मग बोल."

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल घेतली. त्यात दुहेरी तुटक रेषेने गाडीमार्ग स्पष्ट दाखवला होता. (एकेरी तुटक रेष असेल तर तो पायमार्ग.) मग मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावला. रस्ता अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, हे विसरू नका. मी पहिले दोन महिने नुसत्या बैठकांत घालवले, त्याची अजून हळहळ वाटते.

पुष्कळजण इथे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 चा अर्ज करतात. ते कलम बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी आहे. आपला रस्ता आधीपासूनचा होता.

स्थळपाहणीच्या दिवशी मी पहाटेच जाऊन गवत बाजूला केलं. गाडीची जुनी चाकोरी कुंपणाखालून सरळ पलीकडे गेलेली सगळ्यांना दिसली. ती पंचनाम्यात नोंदवून घ्यायची मी विनंती केली, आणि निकालात तीच कामी आली.

सोयाबीन डोक्यावरून वाहावं लागलं. हरभऱ्याला मात्र बैलगाडी थेट खळ्यापर्यंत आली.