धूसर फोटोतलं यान ओळखायला बसलात? आधी पिक्सेल मोजा

पिक्सेल, एक्स्पोजर, कक्षा हे शब्द ठाऊक आहेत असं धरूनच लिहितोय. या नादी लागणाऱ्यांकडे तेवढी शिदोरी असतेच. कमी पडतो तो धीर, आणि तो मला आजही पुरत नाही. पुसट फोटो समोर आला की आधी नाव सुचतं, 'हा सोलर पॅनल, ती अँटेना', आणि नाव सुचलं की डोळे बघायचं सोडून त्या नावाची वकिली करायला लागतात.

म्हणून पहिलं काम हिशोबाचं. एका पिक्सेलमध्ये तिथले किती मीटर मावतात? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे १०९ मीटर लांब आणि जवळपास ४२० किलोमीटर उंचीवर आहे. ते थेट डोक्यावर असताना एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे तिथले साधारण २ मीटर. जमिनीवरून बघताना हवेच्या थरथरीने प्रतिमा एक-दोन विकला पसरतेच. शेकडो फ्रेम्समधून मोजक्या चांगल्या निवडल्या तर याहून बरं चित्र मिळतं, पण एकट्या फ्रेममध्ये हातभर लांबीची वस्तू 'स्पष्ट दिसते' असं कुणी म्हणालं, तर हसून पुढे जावं. स्थानक क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर अंतर जवळजवळ दुप्पट होतं, म्हणजे तपशील आणखी निम्मा. हबल दुर्बीण तर १३ मीटरची, ५०० किलोमीटरच्या आसपास. ती जेमतेम पाच विकलांची. तिच्या फोटोत दार उघडं आहे की बंद, यावर वाद घालणारे मी पाहिले आहेत.

वेगाचंही तसंच. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त धावतं. दुर्बीण त्याच्यासोबत वळत नसेल, तर एक हजारांश सेकंदाच्या एक्स्पोजरमध्येही साडेसात मीटरचा फराटा उठतो. २०२४ मध्ये नासाच्या एलआरओ या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने तिथेच फिरणाऱ्या दनुरी या कोरियन यानाचे फोटो काढले. एक्स्पोजर एका मिलिसेकंदाहूनही कमी, तरी यान दहापट ताणलेलं, लांबुळकी पट्टी होऊन उमटलं. नाव न सांगता तो फोटो दाखवला असता, तर लोकांनी काय काय म्हटलं असतं याची कल्पना करा.

आता तो सापळा. यात मी अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो. फोटो लहान असतो म्हणून आपण तो मोठा करतो, पुसट असतो म्हणून शार्पन करतो, फिकट असतो म्हणून कॉन्ट्रास्ट चढवतो. आणि अचानक त्यात सरळ कडा दिसतात, काटकोन दिसतात. दगडाला काटकोन कुठला? म्हणजे हे नक्की माणसाने बनवलेलं! थांबा. जेपेग फाइल चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोन वेगळा दाबते. कॉन्ट्रास्ट चढवला की वर येतात त्या याच चौकोनांच्या शिवणी. फाइल मोठी केलेली असेल तर शिवणीही त्याच प्रमाणात दूर जातात, दुप्पट केली तर १६ पिक्सेलांवर. वर पुन्हा जेपेगमध्ये साठवली की एक नवी जाळी आणखी चढते. तपासायला सोपं आहे. तुमच्या 'पॅनल'ची कड फोटोच्या कोपऱ्यापासून किती पिक्सेलवर आहे ते मोजा. मग यान सोडून रिकाम्या आकाशात किंवा साध्या जमिनीवर तेवढाच कॉन्ट्रास्ट चढवा. तिथेही तसेच काटकोन निघाले, तर तुमचा पॅनल फाइलने बनवलाय.

शार्पनची करामत वेगळी. उजळ ठिपक्याभोवती ते काळी कडी उभी करतं. तिला कुणी सावली म्हणतं, कुणी उघडं झाकण. सावली एकाच बाजूला पडते, कडी चारही बाजूंनी असते, एवढं बघितलं तरी निम्मे वाद मिटतील. तसंच, ठिपका फार उजळ म्हणजे वस्तू मोठी असंही नाही. उन्हात चमकणारा छोटा तुकडाही अख्खा पिक्सेल पांढरा करून शेजारच्यांवर सांडतो.

आणि ते एआयने फोटो 'सुधारून' देणारे ॲप. माझं मत कडक आहे: या कामात ते वापरूच नका. जिथे माहितीच नाही तिथे ते आधी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून काहीतरी शोभेलसं रंगवतं. पॅनलवर रेघा मागितल्या नसल्या तरी काढून देतं. त्यापेक्षा मूळ फाइल मिळवायला दोन दिवस गेले तरी चालतील.

गुरू शोधतानाही हेच बघा. फोटो बघताक्षणी नाव सांगून मोकळा होणारा अनुभवी माणूस रुबाबदार वाटतो, पण त्याच्याकडून फक्त नावं शिकाल. 'मूळ फाइल कुठाय? सूर्य कुठल्या बाजूला होता?' असं विचारून भंडावणारा मिळाला, तर त्याला सोडू नका.

फोटो खरा असूनही एकटा पुरत नाही, हेही असतं. १ फेब्रुवारी २००३ च्या सकाळी कोलंबिया यान परतत असताना अमेरिकेतल्या कर्टलंड हवाई तळावरून त्याचा एक धूसर फोटो टिपला गेला. कल्पना चावला त्याच यानात होत्या. डाव्या पंखाची पुढची कड त्यात वेडीवाकडी दिसते. पण अशा वेळी यानाभोवती तापून झळाळणारी हवा असते, त्यामुळे दिसतंय ते पंख की झळाळी, हा प्रश्न उरतोच. डाव्या पंखावर बोट ठेवता आलं ते संवेदकांच्या नोंदी, गोळा केलेले अवशेष आणि नंतरच्या चाचण्या यांच्या जोरावर. जुलैतल्या चाचणीत, उड्डाणावेळी टाकीवरून सुटून पंखावर आदळला होता तसा फोमचा तुकडा आदळून पंखाच्या पट्टीला सुमारे ४० सेंटिमीटरचं भोक पडलं, तेव्हा शंकेला जागा राहिली नाही.

एवढं वाचून हिरमुसू नका. थोरामोठ्यांचेही अंदाज कोसळतात. १९९९ मध्ये मंगळावर हरवलेला मार्स पोलर लँडर सापडला असावा, असं २००५ मध्ये जाहीर झालं होतं. त्याच वर्षी जास्त बारकाव्याचा फोटो आला आणि तो लँडर नसल्याचं दिसलं. उलट चेन्नईचे अभियंते शण्मुग सुब्रमण्यन यांनी २०१९ मध्ये चंद्रावर कोसळलेल्या चंद्रयान-२ च्या विक्रम लँडरचा अवशेष एलआरओच्या फोटोंत शोधला, तो पहिल्या फोटोत एकच उजळ पिक्सेल होता. एक पिक्सेल म्हणजे १.३ मीटर आणि सूर्य क्षितिजापासून अवघा ६ अंश वर. त्यांनी त्या जागेचे आधीचे फोटो शेजारी ठेवून जुळवले, मग नासाला कळवलं. नोव्हेंबरच्या फोटोत पिक्सेल ०.७ मीटरवर आला, सूर्य १८ अंशांवर. मोठे तुकडे दोन बाय दोन पिक्सेलचे आणि त्यांची सावली एका पिक्सेलची. आता गणित करा: १८ अंशांवरच्या सूर्यात सावली उंचीच्या तिप्पट पडते, म्हणजे तुकडा वीत-सव्वा वीत उंच. सावलीचा पिक्सेल अर्धा इकडेतिकडे होऊ शकतो, हेही सोबत लिहायचं. ओळख पटवणं म्हणजे इतकंच किचकट काम. जमतं.

सरावासाठी उत्तर आधीच माहीत असलेले फोटो घ्या. एलआरओचे फोटो सगळ्यांना खुले आहेत. अपोलो १७ चंद्रावर उतरलं त्या जागी उरलेला यानाचा खालचा भाग पाय सोडून चारेक मीटर रुंद आहे, अर्ध्या मीटरच्या पिक्सेलमध्ये जेमतेम आठ पिक्सेल. झेंडा मात्र झेंडा म्हणून दिसत नाही. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळचे फोटो लावले की त्याची सावली फिरताना दिसते. अपोलो १२ आणि १६ च्या जागीही ती मिळते. मग अपोलो ११ ची जागा उघडा. तिथे ती सावली नाही, कारण उड्डाणाच्या झोताने झेंडा आडवा झालेला त्या मोहिमेतले अंतराळवीर ऑल्ड्रिन यांनी पाहिला होता. तरी अर्धा तास टक लावून बसा. एखादा दगड झेंड्यासारखा दिसायला लागेलच.