स्वतःची वकिली सुरू करायचीय? बोर्ड नंतर, आधी डायरी

सनद मिळाली, कोट शिवून झाला, एआयबीई, म्हणजे वकिली करायला लागणारी बार कौन्सिलची परीक्षा, पण 45 टक्क्यांच्या वर सुटली, की प्रत्येकाचा पुढचा प्रश्न ठरलेला, ऑफिस कुठं घेऊ. मी पण तेच केलं होतं, कोर्टासमोरचे गाळे बघत फिरत होते आणि आमचे सिनिअर गालात हसत होते. तालुका कोर्टात सात वर्षं काढल्यावर आता सांगते, पहिलं वर्षभर गाळा नसला तरी काही अडत नाही, बार रूममधली एक खुर्ची, घरातली एक खोली आणि टायपिस्टशी बरे संबंध, एवढ्यावर भागतं. अडतं ते डायरीवाचून.

एका दिवसाला एक पूर्ण पान असलेली मोठी डायरी घ्या. रोज संध्याकाळी घरी जायच्या आधी केस नंबर, पार्टी, स्टेज आणि पुढची तारीख उतरवायची, चहा नंतर. ईकोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टांच्या सरकारी ॲपमध्ये सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा क्रमांक) टाकून केसेस सेव्ह करून ठेवता येतात, तेही करा, पण ॲप फक्त कोर्टानं दिलेली तारीख दाखवतं, मुदत कधी संपतेय ते दाखवत नाही. ते तुम्हीच मोजायचं. दिवाणी दाव्यात समन्स लागल्यापासून कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, 30 दिवसांत, कोर्टानं सांभाळून घेतलं तर 90 पर्यंत.

चेक बाऊन्सचं तर आणखी नाजूक. नव्या वकिलाकडं हीच कामं आधी येतात, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 138. बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, समोरच्याला नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, आणि ते संपले की एक महिन्यात तक्रार दाखल. माझी पहिली केस अशी, एक काका प्लास्टिकच्या पिशवीत चेक आणि बँकेचा मेमो घेऊन आले तेव्हाच 24 दिवस होऊन गेलेले. घाईघाईत नोटीस टाइप केली, रजिस्टर एडीनं पाठवली, आणि दोन दिवसांनी फाईल लावताना बघते तर चेक 3,51,000 चा आणि नोटिशीत 3,15,000. पोटात गोळा. नोटिशीतली मागणी चेकच्या रकमेचीच लागते, इथं फरक पडला की समोरचा वकील तिथंच धरतो. नशीब की मुदत बाकी होती, 28 व्या दिवशी दुरुस्त नोटीस गेली. तेव्हापासून रकमेवर बोट ठेवून आकडा आणि अक्षरी दोन्ही मोठ्यानं वाचल्याशिवाय मी सही करत नाही, आणि पोस्टाची पावती त्याच दिवशी फाईलला लावते.

आता फीचं. लाजू नका, वकीलपत्रावर सही घेतानाच बोला, आणि टप्पे पाडा, नोटिशीचे इतके, दाखल करायचे इतके, पुरावा संपेपर्यंत इतके, कोर्ट फी स्टँप, टायपिंग, नक्कल हा खर्च वेगळा. नुसतं 'तारखेला दोनशे' यावर गेलात तर तारीख पडली की पक्षकाराला वाटतं वकिलानंच पाडली. अपघाताच्या क्लेममध्ये 'मिळतील त्यातले इतके टक्के' असं ठरवायला बार कौन्सिलच्या नियमानं बंदी आहे, आजूबाजूला कोण काय करतंय ते बघू नका.

जाहिरातीलाही बंदी. बोर्ड लावा पण साधा, त्यावर 'फौजदारी स्पेशालिस्ट' वगैरे लिहिता येत नाही. मग काम येतं कुठून? खरं सांगायचं तर कोर्टाच्या बाहेरून. लिव्ह अँड लायसन्स, वारस दाखल्याचे अर्ज, सात-बाराच्या फेरफारावरची हरकत, ज्याचा फेरफार तुम्ही नीट करून दिलात तोच दोन वर्षांनी वाटपाचा दावा घेऊन येतो. लीगल एडच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या, पॅनेलला साधारण तीन वर्षांची प्रॅक्टिस मागतात, तोपर्यंत लोक अदालतीला नुसतं जाऊन बसा, तडजोड कशी होते ते तिथंच कळतं.

आणि हो, फौजदारी करणार असाल तर दोन्ही पुस्तकं जवळ ठेवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली तरी त्याच्या आधीचा गुन्हा असेल तर कलम जुन्या आयपीसीचंच (भारतीय दंड संहितेचंच) लागतं.

सिनिअरला सोडताना त्यांचा एकही पक्षकार ओढून नेऊ नका. एखादा आपणहून आला तरी आधीच्या वकिलाची एनओसी घेतल्याशिवाय वकीलपत्र टाकायचं नाही. उलटंही होतं, तुमचाच पक्षकार एक दिवस येऊन म्हणतो फाईल द्या. तेव्हा फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच ते स्पष्ट केलंय. बाकी फीसाठी वेगळा मार्ग आहे. कागदांची यादी दोन प्रतीत करा, एकीवर त्याची सही आणि तारीख घ्या, आणि ती प्रत आपल्याकडं ठेवा. माझ्याकडं अशा चार आहेत, त्यातला एक पक्षकार आठ महिन्यांनी तीच फाईल घेऊन परत आला, यादी काढून बघितली तर दोन कागद कमी होते.