वकिलाविरुद्धची तक्रार: मुदत, वर्ग झालेले प्रकरण आणि अपील

वकिलाविरुद्ध तक्रार दाखल करताना पक्षकाराने सर्वांत आधी आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच मागून घ्यावी, कारण अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३६-ब मधील, तक्रारीच्या निर्णयासाठीची एक वर्षाची मुदत तक्रार मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जाते.

ज्या राज्य बार कौन्सिलच्या (वकिलांची नोंदणी व शिस्त पाहणाऱ्या संस्थेच्या) नोंदवहीत वकिलाचे नाव असेल तिच्याकडेच तक्रार द्यावी. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे ती मराठीतही चालते. मात्र दाव्याप्रमाणे तिच्यावर सही व सत्यापन (मजकूर खरा असल्याचे लेखी कथन) हवे. मजकुरात तारखा, दिलेल्या रकमा व कागदपत्रे यांचा नेमका उल्लेख असावा. गैरवर्तन घडले असे मानण्यास सकृद्दर्शनी आधार दिसला तरच कौन्सिल प्रकरण शिस्तपालन समितीकडे सोपवते, त्यामुळे ‘वकील नीट बोलत नाहीत’ एवढ्याने काही साधत नाही. फी थकली म्हणून वकिलाने फाइल अडवून ठेवली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली दिलेल्या निकालाचा आधार घ्यावा: वकिलाला फाइलवर असा हक्क नाही.

वर्ष उलटूनही निर्णय न झाल्यास प्रकरण कायद्यानेच भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की राज्य कौन्सिलांनी तक्रारी वर्षभरातच निकाली काढाव्यात आणि वर्ग झालेल्या तक्रारींचाही निकाल वर्षात लागावा. म्हणून दहाव्या महिन्याच्या सुमारास प्रकरणाच्या स्थितीची लेखी विचारणा करावी. मराठी तक्रारीचे इंग्रजी भाषांतर करून पाठवणे ही राज्य कौन्सिलची जबाबदारी आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

वर्ग होण्याने अपिलाची एक पायरी कमी होते, हे ध्यानात ठेवावे. राज्य समितीच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे (कलम ३७) आणि तेथून पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात (कलम ३८) जाता येते. वर्ग झालेल्या प्रकरणात मात्र थेट सर्वोच्च न्यायालयच उरते. नुसते अपील दाखल केल्याने आदेशाला स्थगिती मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या दाभोळकर निकालानुसार राज्य बार कौन्सिल स्वतःही ‘बाधित व्यक्ती’ (आदेशाची झळ पोचलेला पक्ष) म्हणून अपील करू शकते; त्या प्रकरणातील वकिलांवर मुंबईच्या फौजदारी न्यायालयांबाहेर पक्षकारांना अक्षरशः ओढून घेतल्याचा आरोप होता.

मध्येच वकिलाने पैसे परत केले आणि तक्रारदाराने अर्ज मागे घेतला, तरी केवळ त्या कारणाने चौकशी बंद करता येत नाही; तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी दोघांनीही हे जाणून असावे.