लहान क्लबचा इतिहास कसा शोधावा: बोर्मलाचं सेंट जॉर्जेस

मी मूळची मिरजेची, माल्टात एका वृद्धाश्रमात नर्स आहे. आमच्याकडच्या एका आजोबांना सगळे नॅन्नू म्हणतात, माल्टीजमध्ये आजोबांना तोच शब्द. एकदा त्यांच्या गुडघ्याला मलम लावताना कातडीखाली निळसर काळे ठिपके दिसले. "हे काय हो?" तर म्हणाले, "एम्पायर."

ग्झीराचं एम्पायर स्टेडियम. १९२२ ते १९८१ पर्यंत माल्टाचं फुटबॉल तिथे खेळलं गेलं, आणि मैदानावर गवत नव्हतं. कडक माती, बारीक खडी. पडलं की खडी गुडघ्यात शिरायची, ती काहींच्या अंगात कायमची राहिली. त्या ठिपक्यांवरून मी नॅन्नूंच्या गावच्या क्लबचा शोध सुरू केला. तुम्हालाही असा एखादा लहान क्लब शोधायचा असेल तर माझी पद्धत सांगते.

सुरुवात माणसापासून करा, पण "क्लबचा इतिहास सांगा" असं विचारू नका. त्याने माणूस गप्प होतो. सामन्याला कुठल्या रस्त्याने जायचात, बरोबर कोण असायचं, हरल्यावर घरी काय बोलणं व्हायचं, हे विचारा. नॅन्नू प्रत्येक वाक्य "मेला" म्हणून सुरू करायचे आणि मी दचकायचे. माल्टीजमध्ये त्याचा अर्थ 'तर मग', एवढाच. ऐकलेलं त्याच रात्री वहीत उतरवा. डाव्या पानावर आठवण लिहा आणि उजवं पान कोरं ठेवा, कागदोपत्री जे सापडेल त्यासाठी. ही एक सवय लावलीत तर अर्धं काम झालं.

मग नावांचा गुंता सोडवा. गावाचं माल्टीज नाव बोर्मला, कागदोपत्री कॉस्पिकुआ. क्लब सेंट जॉर्जेस, स्थापना १८९०, माल्टातल्या सगळ्यात जुन्या क्लबांपैकी. पण माल्टीजमध्ये 'सान जॉर्ज' शोधलंत तर कोर्मी गावाचा चर्च आणि गोझो बेटावरच्या व्हिक्टोरियाचा बॅसिलिका समोर येतो, फुटबॉल कुठेच नाही. म्हणून संताच्या नावाबरोबर गावाची दोन्ही नावं घालून पाहा.

लीगच्या हंगामवार विजेत्यांच्या यादीत अडकण्याच्या जागा दोन आहेत. पहिली म्हणजे 'फर्स्ट डिव्हिजन' हे नाव. १९८० पर्यंत माल्टाची सर्वोच्च लीग हीच होती. प्रीमियर लीग आल्यावर तेच नाव खालच्या पायरीला गेलं. माझ्याकडून सुरुवातीला दोन्ही एकच धरली गेली आणि वहीतली तीन पानं पुन्हा लिहावी लागली. दुसरी म्हणजे रिकामे हंगाम. १९१५-१६ ला लीगच झाली नाही आणि त्यानंतरच्या १९१६-१७ ला सेंट जॉर्जेस विजेते ठरले. ती त्यांची एकमेव राष्ट्रीय लीग, पहिल्या महायुद्धाच्या ऐन मध्यावर. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४४, पुन्हा काही नाही. यादीत तिथे नुसती रेघ असते, पण बोर्मलासाठी ती रेघ फार मोठी आहे. गाव गोदीला लागून, त्यामुळे बॉम्ब तिथे पडले. जानेवारी १९४१ मध्ये गोदीत उभ्या असलेल्या 'इलस्ट्रियस' या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरच्या हल्ल्यात तर बोर्मलासह गोदीकाठच्या तिन्ही जोडगावांची दैना झाली. माणसं आतल्या खेड्यांत निघून गेली. म्हणून युद्धाआधीचे फोटो घरात सापडले नाहीत तर नवल मानू नका. ते कुठे गेले हे विचारा. मला त्या एका प्रश्नाने जेवढं मिळालं तेवढं कशानेच नाही.

पुष्टीसाठी व्हॅलेटातलं राष्ट्रीय ग्रंथालय गाठा. जुनी वर्तमानपत्रं मागताना भाषेचं ध्यानात ठेवा: १९३४ पर्यंत इटालियन ही अधिकृत भाषा होती, तेव्हा इंग्रजीबरोबर इटालियन पत्रंही मागवा. हंगाम दोन वर्षांत पसरलेला असतो. १९१७ चा विजय शोधायचा तर १९१६ च्या शरदापासून पानं चाळा. निकालाच्या आजूबाजूची जाहिरात आणि जहाजांची यादीही वाचा, गोदीच्या गावाचा इतिहास तिथेही पडलेला असतो.

तिथून फेरीबोटीने बंदर ओलांडून थेट बोर्मलाला उतरा. काही मिनिटांचा प्रवास आहे. गोदीच्या काठाने चालत वर चढलात की पायऱ्यांच्या गल्ल्या सुरू होतात. नॅन्नूंनी सांगितलेला सामन्याचा रस्ता मी तसाच चालून पाहिला आणि वहीत काढला.

सापडलेलं सगळं मोठ्या अक्षरांत छापून ज्याने आठवण सांगितली त्याच्याकडे परत न्या. हे टाळू नका. नॅन्नूंना १९१६-१७ ची ओळ दाखवली. तेव्हा त्यांचे वडील अंगणात खेळणारं पोर होते. त्यांनी बोट ओळीवर ठेवलं, बराच वेळ उचललं नाही. मग माझी वही मागितली, नकाशातली एक गल्ली खोडली आणि म्हणाले, "इथून नाही. चर्चच्या मागून."

मी पुढच्या सुट्टीला चर्चच्या मागून गेले.